शून्य मी लिहिलं होतं, सर

सर,

तुम्ही गेल्यानंतर नवव्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या फोनवरून गावोगाव फोन करायला बसलो. तुमच्या घरी काकू म्हणाल्या होत्या, लोकांना सांग, पाणी तपासायचं काम बंद पडलेलं नाही. मी यादी तालुक्यांप्रमाणे घेतली, कारण तुम्ही तशीच घ्यायचात. तुळजापूर झालं, कळंब झालं. भूमच्या पानावर अंगणवाडीच्या शोभाताईंचं नाव मधेच कुठंतरी होतं. ते सोडून मी बाकीचं पान संपवलं आणि मग तो फोन लावला.

"सर गेले व्हय?" शोभाताईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "माणूस लई चांगला होता बघा. आमच्या पाण्याला तेवढा हात चुकला त्यांचा. जाऊ द्या, गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

सध्या अंगणवाडीत पाणी कुठलं वापरता, असं मी विचारलं.

"शाळेच्या मागं नवा बोर घेतलाय की. दीड वर्ष झालं. आता सगळी आळी तेच पिती."

"तपासून घेतलं का?"

"कुणाकडून? आधी प्या म्हणायचं, मग नका पिऊ म्हणायचं. गावात तपासणीचं नाव काढलं की हसतात भाऊ."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तुमच्या खुर्चीकडे न बघता बसून होतो. हात चुकला त्यांचा. त्या गावात तुमच्याबद्दल एवढंच शिल्लक आहे, आणि ते खरं नाही. ते खरं नाही हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. आता मला एकट्याला आहे. आणि त्या एका वाक्यापायी एक गाव दीड वर्ष न तपासलेलं पाणी पितंय. त्याच दिवशी मी ठरवलं की जायचं आणि सांगायचं. आधी तुमची एक अट पुरी करायची होती. तिच्याबद्दल पुढं लिहितो.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे इथं लिहीत नाही. ते तुमच्या मुलीने शोकसभेत वाचून दाखवलं आणि नीट वाचलं. मला जे लिहायचं आहे ते मी तुमच्याशी पूर्ण बोललोच नव्हतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटरची पदवी होती आणि ती कशासाठी वापरतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. वडिलांचं अणदूरला पंक्चरचं दुकान. पदवीचा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून दुकानात लावला होता, आणि ट्यूब काढता काढता गिऱ्हाइकाला तो दाखवायचे. धाराशिवला तुमच्या प्रयोगशाळेत प्रोग्राम सांभाळायला मुलगा हवा आहे हे मला कॉलेजच्या क्लार्ककडून कळलं. मी पांढरा शर्ट घालून आलो. तुम्ही हातात बाटली धरून उजेडात बघत होता. माझ्याकडे न बघताच तुम्ही विचारलंत, "कधी नापास झालास का?"

"हो सर. दुसऱ्या वर्षी, गणितात."

"का?"

"पेपर अवघड होता सर."

"हे कारण नव्हे. पुन्हा सांग."

 मग म्हणालो, "तीन प्रकरणं वाचलीच नव्हती."

"सोमवारपासून ये," तुम्ही म्हणालात आणि परत बाटलीकडे वळलात. घरी वडिलांनी विचारलं, काय काय विचारलं रे त्यांनी? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "असल्या माणसाकडं टिकशील का तू?"

तुमच्या टेबलावर दोन ट्रे असायचे. एक पांढरा, एक लाल काठाचा. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहाय्यक म्हणून काम करताना तुम्ही ती सवय लावून घेतली होती. गावाहून आलेली प्रत्येक बाटली दोनपैकी एका ट्रेमध्ये जायची. मधे टेबलावर ठेवायची नाही. तपासता येईल ती पांढऱ्यात. झाकण सैल असलेली, अर्धवट भरलेली, चिठ्ठी नसलेली लाल काठाच्या ट्रेमध्ये, आणि तिच्या गळ्यात कारणाची चिठ्ठी. पुढच्या टेबलावरच्याने लाल ट्रेला हात लावायचा नाही. तो ट्रे फक्त पुढं सरकवायचा, म्हणजे शेवटी रिपोर्ट लिहिणाऱ्यापर्यंत बाटलीबरोबर कारणही पोचतं. रजिस्टरमध्ये एकतर आकडा, नाहीतर "बाद" आणि त्यापुढं का. रिकामा रकाना तुम्हाला सहन होत नसे. मला पहिले दोन महिने हा सगळा म्हातारपणाचा चाळा वाटला. हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता तो दिवस.

शोभाताई अंगणवाडीच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. भूमची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. तुम्ही आतल्या खोलीत फोनवर होता. मी मशीनवरून नायट्रेटचं वाचन घ्यायला गेलो तर प्रोग्राम अडकला. सोलापूरच्या एका माणसाने कधीकाळी लिहून दिलेला तो जुना प्रोग्राम. पाण्यातून उजेड सोडणारा मशीनचा दिवा लागला नव्हता, आणि आकड्याच्या जागी मशीनने एक इंग्रजी वाक्य पाठवलं होतं. प्रोग्रामचं एक फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा त्यातला तुकडा, त्या वाक्याचा आकडा करायला बघत होतं. होत नव्हतं, म्हणून रिपोर्ट छापत नव्हता.

"भाऊ, गाडी जाईल," शोभाताई म्हणाल्या. "पुढची संध्याकाळी हाय. घरी सासू एकटी हाय."

मला वाईट वाटलं त्यांचं, सर. मी एक ओळ बदलली. आकडा करता आला नाही तर शून्य धर, एवढीच. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते नीट आठवतं. शून्य म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाही म्हणजे कुणाला त्रास नाही. प्रिंटर चालू झाला. नायट्रेट शून्य. पिण्यास योग्य. तुम्ही फोन कानाला लावूनच बाहेर आलात, न बघता सही केलीत. शोभाताई म्हणाल्या, "लई उपकार झाले भाऊ," आणि पळत स्टँडकडे गेल्या. मी खूश होतो. एका माणसाची अडचण मी सोडवली होती.

एकोणीस दिवसांनी तुम्ही भूम तालुक्याचा तक्ता करायला बसलात. मी पलीकडे जेवत होतो. तुमचा पेन थांबला.

"दत्ता, इकडं ये. आजूबाजूच्या सगळ्या बोअरला नायट्रेट आहे. यालाच शून्य. शून्य पूर्णांक शून्य शून्य. एवढं शून्य तर पावसाच्या पाण्यातही सापडत नाही."

तुम्ही कोड उघडलात. ती ओळ सापडायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील. तुम्ही ती दोनदा वाचलीत.

"ही कधी लिहिलीस?"

"त्याच दिवशी सर. ताईंची गाडी जात होती."

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. कपाटात राखून ठेवलेल्या बाटलीतलं पाणी तुम्ही पुन्हा तपासलंत. नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर होतं. अंगणवाडीतल्या मोठ्या पोरांचं एक वेळ ठीक. पण तान्ह्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर ते निळं पडून दगावू शकतं, हे तुम्ही मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलंत. त्या एकोणीस दिवसांत कुणाला काही झालं का, हे आपल्याला आजही ठाऊक नाही. कुणाची तक्रार आली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याचा अर्थ काहीच झालं नाही असा मी आता धरत नाही.

आपण त्याच दुपारी गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "रिपोर्ट चुकला. चूक माझी आहे. या बोअरचं पाणी आजपासून पिऊ नका." लोक बोलले. एकजण म्हणाला, "मास्तर, तुमाला कळत न्हाय तर दुकान कशाला मांडलंय?" तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी तुमच्या मागं उभा होतो, तुमची पिशवी धरून. 

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "सर, सही तुमची होती, पण शून्य माझं होतं. मी सांगायला पाहिजे होतं."

"सही न बघता केली, ती माझी चूक. खोटं बोललो नाही मी."

"पण अर्धंच सांगितलंत."

 येडशी जवळ आल्यावर म्हणालात, "आज तू बोलला असतास तर त्यांनी तुला धरला असता. तुझी नोकरी गेली असती, आणि ती ओळ तिथंच राहिली असती. आधी प्रोग्राम असा कर की त्याला असलं शून्य देताच येणार नाही. पुरा कर. मग ये आणि बोल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालात, "टेबलावर नियम आहे आणि मशीनमध्ये नाही. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

ती तुमची अट. ती पुरी करायला आपल्याला दोन वर्षं लागली.

तुम्ही तोवर वर्षभर मोबाइलवर फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या पद्धतीची व्याख्यानं ऐकत होता. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. मला वाटायचं वेळ घालवताय. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जुन्या प्रोग्राममध्ये अपयश सांगायच्या किती तऱ्हा आहेत ते मोजायला बसवलंत. नमुन्याचा क्रमांक सापडला नाही की एक फंक्शन वजा एक द्यायचं. गावाचं नाव नसलं की दुसरं रिकामी जागा द्यायचं. तारीख चुकली की तिसरं नल, म्हणजे नुसती पोकळी, द्यायचं. फाइल उघडली नाही की चौथं काम सोडून एक्सेप्शन, म्हणजे अडचणीचा इशारा, फेकायचं, आणि ते कुणी झेलायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पाचवं माझं शून्य.

"पाच जण पाच भाषेत नाही म्हणतायत," तुम्ही म्हणालात. "ऐकणाऱ्याने काय करायचं?"

मग नव्या भाषेत नवा प्रोग्राम, आणि त्यात एकच पद्धत. प्रत्येक फंक्शनने रिझल्ट नावाची एकच वस्तू परत द्यायची. ती एकतर ओके असते आणि तिच्या पोटात उत्तर असतं. नाहीतर ती एरर असते आणि तिच्या पोटात कारण असतं. तिसरं काही नाही. उत्तर हवं असेल तर ती वस्तू उघडावीच लागते, आणि उघडताना दोन्ही बाजूंचं काय करणार ते लिहावंच लागतं. एक बाजू विसरली तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, पुढं जाऊ देत नाही. नमुना नोंदवायचा, मशीन वाचायचं, आकडा करायचा, मर्यादेशी ताडायचा, रिपोर्ट छापायचा. या साखळीत कुठंही एरर आली की पुढची फंक्शनं आपलं काम करतच नाहीत. ती एररला हात न लावता पुढं सरकवतात, आणि कारण जसंच्या तसं रिपोर्टवर उतरतं. तुमच्या लाल काठाच्या ट्रेचं हेच होतं. मी ज्याला चाळा म्हणत होतो त्याला जगात नाव होतं, पुस्तकं होती. तुम्ही ते नाव ऐकण्याआधी पंचवीस वर्षं तसंच वागत होता.

मी विचारलं होतं, "सर, गावाचं नाव काढायच्या फंक्शनलाही हे सगळं? ते कधी चुकणार आहे?"

"नाव नसलेली बाटली पाहिली नाहीस कधी?"

"पाहिलीय."

"मग?"

आपण कारणांची यादी ठरवली. झाकण सैल, बाटली अर्धी, चिठ्ठी नाही, दिवा लागला नाही, असं एकेक. मी मधेच "इतर" असं एक कारण घातलं. तुम्ही ते खोडलंत. "इतर म्हणजे तुझं शून्यच की रे, कपडे बदलून आलंय." आपण दोघंही हसलो होतो. त्या शून्यावर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

त्या भाषेची माहिती सगळी इंग्रजीत होती. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा फार बरं नव्हतं, हे मला लवकरच कळलं. तुम्ही मोठ्याने वाचायचात, मी शब्द शोधायचो. एक पान दुपारभर चालायचं. कॉलेजात मी तीन वर्षं इंग्रजी पानांची भीती बाळगून काढली. तुमच्या शेजारी बसल्यावर मला समजलं की न कळलेलं वाक्य सगळ्यांनाच न कळलेलं असतं, आणि ते न लाजता पुन्हा वाचता येतं. आज मी सलग वाचतो. काल एक पूर्ण प्रकरण वाचलं. कुणाला सांगावं असं वाटलं आणि सांगायला कुणी नव्हतं.

आपला एक वाद राहिला. तुमचं म्हणणं, पहिली चूक सापडली की थांबायचं, पुढचं तपासायचं नाही. "दिवाच लागला नाही तर आकडा मर्यादेत आहे का हे विचारण्यात काय अर्थ?" हे मला मान्य आहे. पण बाटली घेताना तसं करून चालत नाही, हे माझं म्हणणं होतं आणि आहे. माणूस परंड्याहून गाडी धरून येतो. आपण त्याला सांगतो, झाकण सैल आहे. तो बिचारा जातो आणि झाकण घट्ट लावून परत येतो. मग आपण सांगतो, चिठ्ठी नाही. तिसऱ्या खेपेला म्हणतो, बाटली अर्धी आहे. झाकण, चिठ्ठी आणि पाण्याची पातळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिन्ही एकदम तपासून तिन्ही कारणं एकदम सांगता येतात. एररच्या पोटात एका कारणाऐवजी कारणांची यादी ठेवायची, एवढंच.

तुम्ही म्हणालात, "यादी बघून माणूस घाबरतो."

मी म्हणालो, "तीन खेपा करून त्याहून जास्त घाबरतो सर."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "विचार करतो. सोमवारी बोलू." तो शनिवार होता. रविवारी दुपारी तुम्ही गेलात.

मी ते माझ्या मनाप्रमाणे केलं आहे. बाटली घेताना सगळी कारणं एकदम, आणि आतल्या साखळीत तुमच्या मनाप्रमाणे पहिल्या एररला थांबा. तुम्ही असतात तर आणखी भांडला असतात. तुम्ही हरला असतात असं मला वाटतं, पण तेही तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि एका गोष्टीचा मला राग आहे. शोकसभेत तो बोलता आला नाही, म्हणून इथं लिहितो. तुमच्या छातीत महिनाभर दुखत होतं. काकूंना तुम्ही थकवा सांगितलात. मला ॲसिडिटी. पुण्याला मुलीला फोनवर नुसतं "मी ठीक". एकाच दुखण्याची तीन जणांना तीन उत्तरं, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या डॉक्टरला एकही नाही. दहाव्याच्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "तुला तरी खरं सांगितलं होतं का रे?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला सांगितलं असेल. तुमचं सारखं कारण, कारण चालायचं."  प्रोग्रामच्या एकेका फंक्शनकडून तुम्ही कारण वसूल केलंत आणि स्वतःच्या वेळी "ठीक" छापून मोकळे झालात. मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं का, याचा विचार करतो. बहुतेक केलं असतं. म्हणूनच राग जास्त येतो.

तुम्ही गेलात तेव्हा बासष्टपैकी चार फंक्शनं बाकी होती. मशीन वाचायचं फंक्शन तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितलं होतं. शोभाताईंना फोन केल्यानंतरच्या आठवड्यात मी चारही पुरी केली. दोनदा चुकलो. तुम्ही असता तर एकदाच चुकलो असतो. सगळं जुळल्यावर मी मशीनच्या दिव्याची वायर काढली आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं: एरर, यंत्राचा दिवा लागला नाही, नायट्रेट तपासले गेले नाही. मी आणखी चार प्रकारे त्याला शून्य द्यायला लावून पाहिलं. त्याने दिलं नाही. कंपायलरने ती ओळ लिहूच दिली नाही.

वायर परत जोडली, दोन स्वच्छ बाटल्या पिशवीत घेतल्या आणि गुरुवारी सकाळी निघालो. भूमला उतरून पुढं जीप केली.

शोभाताई अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. मला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. ते पाणी त्याच नव्या बोअरचं होतं. मी प्यालो. मग सगळं सांगितलं. दिवा लागला नव्हता, प्रोग्राम अडकला होता, त्यांची गाडी जात होती, शून्य मी लिहिलं. सरांनी नाही.

त्या पदराला हात पुसत राहिल्या. "मग ते गप का बसले त्या दिशी?"

"माझी नोकरी जाऊ नये म्हणून."

"आन तुमी?"

"मी भ्यालो ताई."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो. त्या म्हणाल्या, "माझ्यापायीच झालं म्हणा की मग. मीच गाडी गाडी करत व्हते."

"नाही ताई. तुम्ही घाई केली. थाप मी मारली."

"मग मला एकटीला सांगून काय उपेग? वाईट तर समद्या गावाने म्हटलंय सरांना. चला उठा."

त्या मला ग्रामपंचायतीत घेऊन गेल्या. तिथला शिपाई जेवायला गेला होता. शोभाताईंनी स्वतःच कपाट उघडून माईक काढला आणि भोंगा चालू केला. या भोंग्यावर एरवी नळाला पाणी कधी सुटणार ते सांगतात, किंवा कुणी वारलं तर ते. भोंगा आधी शिट्टी वाजल्यासारखा ओरडला. बाहेरून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं रं?"

मी माईक तोंडाजवळ धरला.  जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो.

"मी दत्ता. धाराशिवच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दोन वर्षांमागं तुमच्या अंगणवाडीच्या बोअरचा रिपोर्ट आला होता, त्यात नायट्रेट शून्य लिहिलं होतं. त्या दिवशी मशीन चालू झालं नव्हतं. पाणी तपासलंच गेलं नव्हतं. तिथं शून्य मी घातलं. साळुंके सरांनी नाही. त्यांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली. सर गेल्या महिन्यात वारले. त्यांना बोल लावू नका. मला लावा."

माईक बंद करायचं बटण मला सापडेना. ते शोभाताईंनी बंद केलं.

बाहेर पाच-सहा माणसं जमली होती. एक म्हणाला, "आता कशाला सांगतोयस? दोन वर्षं झाली की." मी म्हणालो, आधीच सांगायला हवं होतं. दुसरा काहीतरी पुटपुटत निघून गेला. त्याने काय म्हटलं ते मला ऐकू आलं, आणि ते वाजवी होतं. एक आजोबा पारावरून उठून काठी टेकत जवळ आले.

"म्हंजी तवा पानी वाईट व्हतं का चांगलं, हे तुमाला ठावंच न्हवतं?"

"नव्हतं आजोबा."

"आन लिवलं शून्य."

"हो."

"आन ह्या नव्या बोरचं?"

"तेही ठाऊक नाही. आज नमुना नेतो. कळलं तर आकडा सांगायला येईन. नाही कळलं तर का नाही कळलं ते सांगायला येईन."

"येशील व्हय?"

"मीच येईन."

 ते गल्लीत गेले. मी शाळेच्या मागं जाऊन बोअर पाच मिनिटं चालू ठेवला, बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळल्या आणि गळ्यापर्यंत भरल्या. शोभाताईंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं. झाकण लावत होतो तेवढ्यात आजोबा परत आले. त्यांच्या हातात गोड्या तेलाची जुनी बाटली होती, निम्मी भरलेली, तोंडाला कापडाचा बोळा.

"आमच्या हिरीचं हाय," ते म्हणाले. "हे बी बघ."

मी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. आत तेलाचा तवंग फिरत होता. नको म्हणायला जिवावर आलं, सर. माणूस एवढं चालून आला होता.

"आजोबा, हे तपासता येणार नाही. बाटली तेलाची आहे, निम्मीच भरलीय, झाकण नाही. तिन्ही गोष्टी नडतात."

त्यांनी बाटली परत घेतली, कापडाचा बोळा पुन्हा नीट बसवला आणि तिथंच दगडावर बसले.

"मंग कसली बाटली लागती," ते म्हणाले, "समदं एकदम सांग."

मी त्यांच्याशेजारी बसून सांगायला लागलो.